मोजणी तिची, शिवण माझी

माझी बायको ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती आणि मी त्याच थिएटरचा वॉर्डबॉय. दवाखान्यात तिला सगळे बाई म्हणायचे, मला मामा. दवाखान्यात वॉर्डबॉय झाला की माणूस सगळ्या जगाचा मामा होतो, वय काही का असेना. फक्त ती मला मामा म्हणू शकत नव्हती, आणि घरच्यासारखं 'ऐका जी' म्हणायला तिला चारचौघांत लाज वाटायची. मग ती भिंतीकडे पाहून बोलायची. ड्रम खाली झाला, असं भिंतीला सांगायची आणि मी कपड्यांचा दुसरा ड्रम आणून ठेवायचो. आमचे सर्जन म्हणायचे, बाई, ही भिंत फार कामाची आहे, तिचा पगार वाढवा.

ती गेली त्याला चार महिने झाले. मी सहावीपर्यंत शिकलो, तेही पुरतं नाही. लिहायची सवय नाही. पण तिच्या नावावर एक चूक लागलेली आहे, ती तिची नाही, माझी आहे. त्या चुकीत एक बाई मेली. ते कसं झालं तेवढं लिहितो.

आमचं गाव तुमसर तालुक्यातलं. घरची धानाची शेती, चार भाऊ. जमीन चौघांना पुरण्यासारखी नव्हती म्हणून सत्तरच्या सुमारास एका ओळखीनं मी दवाखान्यात लागलो. दवाखाना एका ट्रस्टचा, तीस-चाळीस खाटांचा. नाव लिहीत नाही, आता ती इमारतही राहिली नाही. माझं काम स्टोव्ह पेटवायचा, भांड्यात हत्यारं उकळायची, कपडे वाफेवर ठेवायचे, फरशी धुवायची, पेशंट उचलून आणायचा अन् न्यायचा. थिएटरमधली म्हातारी सिस्टर डॉक्टरलासुद्धा दमात घ्यायची. तिला राहायला क्वार्टर होतं, पुढं मोगरा लावलेला. मी रोज ते क्वार्टर पाहायचो.

माझी बायको मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालेली होती. मी तिला पुन्हा बसवलं. पास झाली, तसं तिला नागपूरला नर्सिंगच्या शाळेत टाकलं, तीन वर्षं. आमचा पोरगा माझ्या आईजवळ राहिला. लोक म्हणतात मी मोठ्या मनाचा होतो. तसं काही नाही. मला क्वार्टर पाहिजे होतं. मोठ्या भावानं अंगणात सगळ्यांसमोर विचारलं, "बायकोले पराया मानसायचं अंग पुसाले पाठवून राहिला का तू?" मी म्हटलं, मी पुसतो तवा काहून नाई बोलला. तो उठून गेला, पण माझ्या लग्नाच्या बायकोला वर्षभर त्याच्या घरी कोणी पाणी विचारलं नाही.

ती शिकून आली आणि आमच्याच थिएटरला लागली, पुढं क्वार्टरही मिळालं. पहिल्याच ऑपरेशनला भूल द्यायच्या इथरच्या वासानं तिला भोवळ आली, मीच तिला धरून बाहेर बसवलं. तिला पुस्तकातलं सगळं येत होतं. पण टेबलापाशी उभं राहिलं की पुस्तक कामी येत नाही. मी इतकी वर्षं कोपऱ्यात उभा राहून डॉक्टरचा हात ओळखायला शिकलो होतो. तो हात कसा उघडला म्हणजे कैची पाहिजे आणि कसा उघडला म्हणजे चिमटा, ते मी तिला चुलीपुढं बसून दाखवायचो. हत्यारं म्हणून चमचे, पळी, सांडशी. ती हसायची, पण शिकायची.

दोन वर्षांत ती माझ्या पुढं गेली. मग ती मला शिकवू लागली. वाफेतून काढलेला गरम ड्रम ओल्या फडक्यावर ठेवायचा नाही, ओल आत जाते आणि ओलीबरोबर जंतू जातात. मी हे दहा वर्षं करत आलो होतो. तिनं भिंतीला नाही, सरळ मलाच सांगितलं, तेही दोन शिकाऊ पोरींसमोर. मला लागलं. मी ऐकलं, पण लागलं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे झालं त्यात हेही थोडं होतं.

पेशंट सांभाळायची तिची स्वतःची तऱ्हा होती. आमच्याकडे येणाऱ्या बायका खेड्यावरच्या. ऑपरेशनआधी पोटात काही नको असतं, नाहीतर बेशुद्धीत उलटी होऊन जीव जातो. पण घरचे लोक चोरून खाऊ घालायचे. उपाशी पोटी कापाकापी कशी सोसवेल, म्हणून सासू नाहीतर आई पदराआड भात भरवायची. काही खाल्लं का, असं विचारलं की सगळ्या मान हलवायच्या. माझी बायको तसं विचारतच नसे. ती शेजारी बसून केसांची वेणी घालून देता देता विचारायची, "भाजी कायची होती वो माय?" आणि बाई सांगून टाकायची, लाखोरीची. की ऑपरेशन चार तास पुढं. मंगळसूत्र काढायला बायका रडायच्या. ती ते पट्टीच्या कापडात गुंडाळून त्यांच्या दंडाला बांधून द्यायची आणि म्हणायची, पाह्य, तुयापाशीच हाये. ह्या गोष्टी तिला शाळेत कोणी शिकवल्या नव्हत्या.

आता मॉपचं सांगतो. पोटाचं ऑपरेशन करताना रक्त टिपायला, आतडी मागं सारायला जाळीच्या कापडाच्या घड्या लागतात, तळहाताहून मोठ्या. त्याला मॉप म्हणतात. प्रत्येक मॉपच्या एका कोपऱ्याला फीत लावलेली असते. आम्ही तिला शेपटी म्हणायचो. रक्तात बुडालेला मॉप आतड्यासारखाच दिसतो, शेपटी बाहेर राहिली तर सापडतो. सुरुवातीला मोजून बारा द्यायचे, पोट शिवायच्या आधी बाराच्या बारा परत मोजायचे. वापरलेले मॉप डॉक्टर बादलीत टाकायचे. मी ते लांब चिमट्यानं उचलून फरशीवर मेणकापडावर मांडायचो, दोन-दोनच्या ओळीत. बाई टेबलावरून मान वळवून पाहायची आणि मोजायची.

त्या काळी मॉप फेकत नव्हते. धुवायचे, उकळायचे, वाफेवर ठेवायचे आणि पुन्हा वापरायचे. धुऊन धुऊन ते इतके विरायचे की त्यातून बोट दिसायचं. बाई स्टोअरमध्ये नवीन कापड मागायला जायची आणि कारकून म्हणायचा, पुढच्या महिन्यात. ती वैतागून यायची. एक दिवस म्हणाली, हे मॉप काही टिपून नाई राहिले, नुसतं रक्त इकडून तिकडं करून राहिले.

मला गोधडी शिवता येते. आईबरोबर लहानपणी शिवलेल्या. मी काय केलं, दोन विरलेले मॉप एकावर एक ठेवले आणि चारी बाजूंनी धावदोरा घातला. एक जाड मॉप झाला. दोन शेपट्या झाल्या होत्या. एका मॉपला दोन शेपट्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून एक कापून टाकली. असे चार केले. तिला सांगितलं नाही. मनात होतं, तिला आपोआप कळेल आणि ती विचारेल, हे कोणी केलं.

तिला कळलं. म्हणाली, या वेळचे मॉप चांगले हायेत, जाड लागतात हाताले. मी म्हटलं, धुवाची तऱ्हा असते. मला फार बरं वाटलं. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर तिनं तिथल्या तिथं ते चारही फाडून चुलीत घातले असते. मला ते माहीत होतं, म्हणूनही सांगितलं नसेल.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. धानाची कापणी चालू होती. बपेऱ्याकडून एक बाळंतीण आणली, विशीच्या आतबाहेरची, पहिलटकरीण. दोन दिवस घरी अडलेली. बैलगाडीनं सडकेपर्यंत आणि तिथून बसनं. बरोबर नवरा आणि तिची आई. नवऱ्याच्या पायाला अजून धानाच्या बांधीचा चिखल होता. मूल आडवं होतं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता पोट उघडायचं.

मुलगी निघाली, रडली. पण आईचं रक्त थांबेना. डॉक्टर एकामागून एक मॉप आत दाबत होते आणि ओढून बादलीत टाकत होते. इथर देणारे म्हणाले, नाडी लागत नाही नीट, आटपा. बाई एका हातानं हत्यारं देत होती आणि दुसऱ्या हातानं डॉक्टरांच्या हाताखाली पोट धरून होती. रक्त थांबलं. डॉक्टर म्हणाले, मोजणी. मी मेणकापडावर मॉप मांडले. एक उचलताना हलका लागला. बाकीचे चिमट्याला ओढ देत होते, हा देत नव्हता. मला वाटलं, कमी भिजला असेल. बाराला बारा शेपट्या होत्या.

बाईनं मान वळवली. तिच्या डोळ्यांवर घाम आला होता. तिनं मेणकापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भिंतीकडे नाही. म्हणाली, "पुरे हायेत?"

मी म्हटलं, "बाराच्या बारा."

ती डॉक्टरांना म्हणाली, मोजणी बरोबर. त्यांनी पोट शिवलं.

दुपारी मी मॉप धुवायला घेतले. तो हलका मॉप हातात आला. पाण्यात त्याचं रक्त गेलं आणि कडेला सुईची भोकं दिसली, चारी बाजूंनी, आणि एका कोपऱ्यात बोटभर दोरा लोंबत होता. माझाच दोरा. वाफेनं कुजून तुटला होता. त्याचा जोडीदार, ज्याची शेपटी मी कापली होती, तो बादलीत नव्हता. मी मोरीत हात घातला. कचऱ्याचा खड्डा उपसला. टेबलाखाली, ट्रॉलीखाली, चपलांच्या फळीखाली पाहिलं. कुठंच नव्हता. तो कुठं आहे ते मला मोरीत हात घालायच्या आधीच कळलं होतं.

मी बोललो नाही.

त्या आठवड्यात ट्रस्टची कमिटी एका नर्सचं नाव ठरवणार होती. नागपूरला एक वर्षाचं थिएटरचं ट्रेनिंग, आणि परत आली की ती थिएटरची इन्चार्ज. सगळ्यांना माहीत होतं की नाव माझ्या बायकोचं लागणार. मी स्वतःला सांगितलं की तिच्यासाठी गप्प आहे. खोटं होतं ते. आधी मला माझ्या नोकरीची भीती वाटली. मग तिच्या तोंडाची. तिचं नाव त्यानंतर आलं. आणि एक मन असंही म्हणत होतं की कापडच तर आहे, विरलेलं, विरघळून जाईल. दहा वर्षं थिएटरमध्ये काढलेला माणूस मी, आणि असा विचार केला.

तिसऱ्या दिवशी बाळंतिणीला ताप भरला. पोट फुगलं. डॉक्टर म्हणाले, गावच्या सुईणीनं हात घातला होता, विष तेव्हाच चढलं. इंजेक्शनं सुरू केली. माझी बायको ड्युटी संपली तरी तिच्यापाशी बसायची. ओठ ओले करायची, पाठ पुसायची, मुलगी तिच्या छातीला धरून द्यायची. त्या बाईला हात उचलवत नव्हता. तिची आई कोपऱ्यात बसून एकच विचारायची, खाऊ घालू का थोडं.

घरी जेवताना बायकोनं मला विचारलं, "त्या दिवशी मोजनी पुरी होती नं?"

"बाराच्या बारा," मी म्हटलं.

"मंग पोट काहून उतरत नाई?"

मी भात कालवत राहिलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. माझ्या बोलण्यावर तिचा भरोसा होता. मोजणीवर नाही, माझ्यावर. ती स्वतःच्या मनाशी बोलत होती, औषध बदलायला पाहिजे, डॉक्टरांना सकाळी सांगते.

पाचव्या दिवशी सकाळी चादर बदलायची म्हणून मी त्या बाईला दोन्ही हातांवर उचललं. अंग भट्टीसारखं. तिनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मामा, पोटात काहीतरी ठेवल्यावानी वाटते. बाईले सांगा नं."

मी तिला खाली ठेवलं आणि सरळ क्वार्टरवर गेलो. बायको सकाळची भाकरी थापत होती. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. दोन मॉप, धावदोरा, कापलेली शेपटी, हलका मॉप. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. तव्यावर भाकरी होती. तिनं एवढंच विचारलं, "कवापासून मालूम हाये?"

"त्याच दिवशी दुपारी."

ती उठली. हात धुतले नाहीत. तशीच चालत दवाखान्यात गेली. मी चूल विझवली आणि तिच्या मागं गेलो. मी पोचलो तेव्हा ती डॉक्टरांच्या टेबलापाशी उभी होती आणि सांगत होती की मोजणी चुकली आहे, एक मॉप आत आहे, पोट उघडा. डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत. ती म्हणाली, "मोजनी माझी होती, सर. मले मालूम हाये." माझं नाव तिनं घेतलं नाही. मी दारात होतो. मीही घेतलं नाही.

पोट पुन्हा उघडलं. मॉप निघाला. डॉक्टरांनी तो ट्रेमध्ये ठेवला. शेपटी नव्हती आणि कडेला भोकं होती. डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. बायकोनं त्या दिवशी बारा मॉप स्वतः मोजून दिले आणि स्वतः हातात घेऊन, एकेक उघडून, परत मोजले. माझ्याकडे पाहिलं नाही.

ती बाळंतीण आणखी दोन दिवस जगली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गेली. त्या वेळेला माझी बायको तिच्याजवळ होती. तिनंच तिचे डोळे मिटवले, दंडाचं मंगळसूत्र सोडून तिच्या आईच्या हातात दिलं.

डॉक्टरांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की नातेवाइकांना विष चढलं एवढंच सांगायचं. ते चूक सांगत होते असंही नाही. पण बायको व्हरांड्यात गेली. त्या बाईचा नवरा उभा होता, मुलगी फडक्यात गुंडाळून. मी मागं स्ट्रेचर घेऊन होतो, तीन हात अंतरावर. बायको त्याला म्हणाली, "दादा, पहिल्या ऑपरेशनात एक कापड आत राह्यलं होतं. मोजाले मी चुकली."

तो तिच्याकडे पाहत होता. मला वाटलं, हात उगारतो. उगारला असता तर मी बोललो असतो, असं मला वाटतं. नक्की सांगत नाही. तो म्हणाला, "तुमीच त सात दिवस तिच्यापाशी बसल्या होत्या, बाई." मग मुलीकडे पाहून म्हणाला, "इले दूध कोनतं पाजाचं, तेवढं सांगा."

बायकोनं त्याला सांगितलं. गाईचं, अर्धं पाणी घालून, उकळून, वाटीचमच्यानं. दोनदा सांगितलं आणि त्याच्याकडून म्हणून घेतलं. मग आम्ही स्ट्रेचर उचललं.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, मी जाऊन सांगतो डॉक्टरांना, शिवण माझी होती म्हणून. ती मुलाचं दप्तर आवरत होती. म्हणाली, "सांगाचं होतं तवा नाई सांगतलं. आता सांगून ते बाई उठनार हाये का?" मग म्हणाली, "मोजनी माझीच होती. मी तुमच्या तोंडाकडे पायलं, कपड्याकडे नाई पायलं."

मी गेलो नाही. तिनं अडवलं म्हणून गेलो नाही, असं मी पुष्कळ वर्षं मनाला सांगितलं. तिनं अडवलं नव्हतं. वरचं वाक्य पुन्हा वाचा, त्यात जाऊ नका असं कुठंच नाही.

कमिटीनं तिच्याकडून लेखी घेतलं. तिनं चार ओळी लिहिल्या, मोजणी मी केली, चूक माझी. नागपूरच्या ट्रेनिंगला तिच्याहून पाच वर्षं मागची नर्स गेली. वरठीच्या स्टेशनवर तिला सोडायला थिएटरचे सगळे गेले. माझी बायकोही गेली, तिच्यासाठी पुऱ्या करून. ती नर्स परत आली, इन्चार्ज झाली, आणि माझ्या बायकोनं आठ वर्षं तिच्या हाताखाली काम केलं. कधी तोंड वाकडं केलं नाही. मला वाटायचं, एकदा तरी घरी येऊन माझ्यावर ओरडावं. ओरडली नाही.

थिएटर मात्र तिनं बदललं. विरलेलं कापड ती स्वतः फाडायची, म्हणजे कोणाला पुन्हा वापरता येऊ नये. कारकुनाच्या टेबलावर फाटके मॉप नेऊन ठेवायची आणि नवीन कापड मिळेपर्यंत उठायची नाही. सुताराकडून एक लाकडी चौकट करून घेतली, तिला बारा खिळे. मॉप मेणकापडावर मांडणं बंद. प्रत्येक मॉप शेपटीनं खिळ्याला टांगायचा, आधी दिव्यासमोर धरून पाहायचा. नवीन पोरी यायच्या, त्यांना ती महिनाभर हत्यारांना हात लावू द्यायची नाही, नुसते मॉप मोजायला लावायची. पोरी कंटाळायच्या, मागं तिला बारा-बाई म्हणायच्या. तिला माहीत होतं.

एकदा, त्या गोष्टीला चार-पाच वर्षं झाली असतील, हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. मी चौकटीपाशी होतो. तिनं टेबलावरून विचारलं, किती. मी म्हटलं, आठ, पुरे. तिनं हातातलं हत्यार शिकाऊ पोरीकडे दिलं, टेबल सोडलं, चौकटीपाशी आली, आठही मॉप एकेक करून पाहिले, मग हातमोजे काढले, पुन्हा हात धुतले, नवे हातमोजे घातले आणि परत गेली. डॉक्टर थांबून राहिले. नवे डॉक्टर होते, त्यांना मागचं माहीत नव्हतं. ते हसून म्हणाले, काय बाई, घरच्या माणसावर भरोसा नाही का?

ती म्हणाली, "मोजनीत नाई."

सगळे हसले. मीही हसलो. हसायला पाहिजे होतं.

तशी ती माझ्याशी नीट वागली, जन्मभर. जेवायला वाढलं, आजारपणात उशाशी बसली, पोराच्या लग्नात माझ्या शेजारी बसून हसली. ऐंशीचं दशक संपता संपता इन्चार्ज झाली, उशिरा झाली, पण झाली. फक्त मी काही सांगितलं की ती उठून पाहून यायची. कडी लावली, म्हटलं की कडी पाहायची. पाणी भरलं, म्हटलं की झाकण उचलून पाहायची. रागानं नाही. तिच्या हातापायाला ती सवय लागली होती. मीही कधी म्हटलं नाही की काहून पाहून राहिली.

तिच्या तेरवीला गावोगावच्या नर्सा आल्या होत्या. तिनं शिकवलेल्या पोरी, आता त्यांचेही केस पिकले. कोणी नागपूरला मोठ्या दवाखान्यात, कोणी रिटायर. पंगत बसली तशा त्या तिच्या गोष्टी सांगू लागल्या. भाजी कायची होती, ते सांगितलं. खिळ्यांची चौकट सांगितली. एकजण म्हणाली, आमच्या थिएटरमध्ये अजून बाईच्याच पद्धतीनं मोजणी होते. दुसरी म्हणाली, बाईची मोजणी कधी चुकली नाही. तिसरी सगळ्यांत जुनी, ती हळूच म्हणाली, एकदाच चुकली होती म्हणतात, लई वर्षं झाली.

मी पंगतीत बसलेलो होतो. मी म्हटलं, "तेही तिची नव्हती. माझी होती. मॉप मी शिवला होता, मालूम असून मी पाच दिवस बोललो नाई. ती बाई माझ्यामुळं मेली."

त्या जुन्या नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठून माझ्याजवळ आली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मामा, किती जीव हाये वो तुमचा बाईवर. मेल्यावरही तिच्यावर चूक येऊ देऊन नाई राहिले."

मी पुन्हा सांगितलं. धावदोरा सांगितला, शेपटी सांगितली. त्या माना हलवत होत्या, जसं म्हाताऱ्या माणसाकडे पाहून हलवतात. पोरगा म्हणाला, बाबा, जेवा आता. कोणीतरी माझ्या पत्रावळीत आणखी भात वाढला.